नव्या मोटारीचें एंजिन : शक्ति आणि भरंवसा

घर बांधून पाहावें आणि लग्न करून पाहावें, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. मोटार घेऊन पाहावी, हें तिसरें कलम तिला आतां जोडावयास हरकत नाहीं. वर्षानुवर्षांच्या शिलकेचा मोठा भाग ज्यांत एका दिवसांत गुंतून पडतो, अशा वस्तु मध्यम स्थितींतील कुटुंबांत दोन-तीनच असतात; आणि त्यांपैकीं मोटार ही अशी वस्तु आहे, कीं जी घरीं आणल्या दिवसापासून झिजूं लागते.

हिंगोली, वसमत किंवा कळमनुरी येथील एखादें कुटुंब नांदेडच्या दुकानांत मोटार पाहावयास जातें, तेव्हां विक्रेता त्याच्या हातीं एक गुळगुळीत छापील पत्रक देतो. त्यांत 'टर्बो', 'माइल्ड हायब्रीड', 'डायरेक्ट इंजेक्शन' असे शब्द असतात. अश्वशक्तीचे आणि दर लिटरमागें पडणाऱ्या किलोमीटरांचे आंकडे असतात. मुलगा अश्वशक्तीचा आंकडा वाचून हर्षित होतो. वडील किलोमीटरांचा आंकडा वाचून समाधान पावतात. परंतु ज्या प्रश्नाचें उत्तर त्या कुटुंबास खरोखर हवें असतें, तें त्या पत्रकांत कोठेंच छापलेलें नसतें. हें एंजिन दहा वर्षें टिकेल काय? वैशाखाच्या उन्हांत, घरापासून शंभर किलोमीटरवर, तें मुलाबाळांना रस्त्यांत टाकून तर बसणार नाहीं ना? या नव्या प्रकारच्या एंजिनाची शक्ति कशांतून येते, आणि त्या शक्तीवर भरंवसा कितपत ठेवावा, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

पेट्रोलच्या एंजिनाचें मूळ तत्त्व सोपें आहे. नळकांड्यांत, म्हणजे सिलिंडरमध्यें, हवा आणि पेट्रोल यांचें मिश्रण दाबलें जातें. ठिणगीनें तें पेटतें. आणि तापलेल्या वायूच्या प्रसरणानें दट्ट्या खालीं ढकलला जातो. अधिक शक्ति हवी, तर अधिक पेट्रोल जाळावें लागतें. आणि अधिक पेट्रोल जाळावयाचें, तर त्या प्रमाणांत अधिक हवा हवी. ही हवा मिळविण्याचे मार्ग दोन. नळकांडीं मोठीं करावीं, हा पहिला. नळकांडीं लहानच ठेवून त्यांत हवा दाबून भरावी, हा दुसरा. या दुसऱ्या मार्गाचें मर्म आपल्या लोहारास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भट्टी तीच, कोळसा तोच. पण भाता चालूं लागला कीं त्याच कोळशांतून लोखंड लाल होण्याइतकी धग निघते.

टर्बोचार्जर हा एंजिनाचा भाता होय. फरक इतकाच, कीं लोहाराचा भाता हातानें ओढावा लागतो, आणि हा भाता एंजिनानें बाहेर टाकलेल्या तप्त वायूच्या जोरावर आपोआप फिरतो. एका लहानशा दांड्याच्या दोन टोकांस दोन चक्रें बसविलेलीं असतात. बाहेर जाणारा वायु एका चक्रास फिरवितो. त्याच दांड्यावरचें दुसरें चक्र बाहेरची स्वच्छ हवा ओढून नळकांड्यांत दाबतें. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घेण्याची ही कल्पना आजची नाहीं. स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूकी या एंजिनियरानें तिचें पेटंट १९०५ सालीं घेतलें. पुढें जहाजें, विमानें आणि डीझेलचे ट्रक यांत तिचा प्रसार झाला. पेट्रोलच्या विक्रीच्या मोटारींत ती प्रथम १९६२ सालीं अमेरिकेंत आली; परंतु त्या काळचे धातु, वंगण व नियंत्रक यांना तो ताप सोसवला नाहीं, आणि त्या मोटारी फार दिवस टिकल्या नाहींत. साठ वर्षांनंतर हीच कल्पना हिंगोलीच्या रस्त्यावर सामान्य कुटुंबाच्या मोटारींत दिसूं लागली आहे, यामागें धातुशास्त्राची व वंगणशास्त्राची प्रगति आहे.

यामागें आणखी एक कारण आहे. तें यंत्रशाळेंतलें नसून सरकारी दप्तरांतलें आहे. २००६ सालच्या अर्थसंकल्पानें लहान मोटारीची एक व्याख्या केली : लांबी चार मीटरच्या आंत आणि पेट्रोल एंजिनाचें आकारमान १२०० घन सेंटिमीटरच्या आंत. अशा मोटारीस कर कमी. ही मर्यादा पुढें वस्तु व सेवा करांतही टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मर्यादेंत बसणाऱ्या पेट्रोल मोटारींवर १८ टक्के आणि मोठ्या मोटारींवर ४० टक्के कर आहे. एवढा फरक असल्यावर कारखानदार मोठें एंजिन कशास बसवील? तो लहान एंजिन घेतो आणि त्यास भाता लावतो. मारुती सुझुकीची 'फ्राँक्स' ही मोटार एप्रिल २०२३ मध्यें बाजारांत आली. तिची लांबी ३९९५ मिलिमीटर आहे. कायद्याच्या मोजपट्टीपेक्षां अवघे पांच मिलिमीटर कमी! ही पांच मिलिमीटरांची बचत कोणी योगायोगानें केलेली नाहीं.

आतां 'माइल्ड हायब्रीड' या दुसऱ्या शब्दाकडे वळूं. हायब्रीड म्हणजे मिश्र : पेट्रोल आणि वीज या दोन शक्तींवर चालणारें. परंतु या शब्दानें पुष्कळांची फसगत होते. ज्या मोटारींत विजेची मोटर स्वतंत्रपणें चाकें फिरवूं शकते, ती पूर्ण मिश्र मोटार. जपानच्या टोयोटा कंपनीनें १९९७ सालीं काढलेली 'प्रियस' ही या जातीची पहिली मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली मोटार. माइल्ड, म्हणजे सौम्य, मिश्र मोटारींत विजेची मोटर एकट्यानें मोटार चालवूं शकत नाहीं. ती एंजिनास केवळ हातभार लावते.

लादलेली बैलगाडी ओढ्याच्या पात्रांतून वर काढतांना बैल जोर लावतातच. पण रुतलेलें चाक प्रथम हलावें म्हणून गडी मागून खांदा देतो. गाडी चालती झाली कीं गडी बाजूला होतो. सौम्य मिश्र मोटारींतील विजेची मोटर म्हणजे हा खांदा देणारा गडी. त्याला बैलाच्या जागीं जुंपूं नये, आणि त्यानें बैलाचें काम केलें नाहीं म्हणून त्यास दोषही देऊं नये.

त्या मोटरची रचना अशी. जुन्या मोटारींत एंजिन सुरू करणारा स्टार्टर आणि बॅटरी भरणारा आल्टर्नेटर हे दोन वेगळे भाग असत. येथें आल्टर्नेटरच्या जागीं एकच यंत्र दोन्ही कामें करतें, आणि तें पट्ट्यानें एंजिनाशीं जोडलेलें असतें. चौकांत मोटार थांबली कीं एंजिन आपोआप बंद होतें. क्लच दाबतांच तें निमूटपणें पुन्हां सुरू होतें. मोटार वेग कमी करीत असतां हेंच यंत्र चाकांच्या गतींतून वीज निर्माण करून एका लहान लिथियम बॅटरींत सांठवितें. आणि पुन्हां वेग घेतांना ती वीज एंजिनास परत देतें. टर्बोशीं याची जोडी जमण्याचें कारण स्पष्ट आहे. भात्याला वारा भरावयास क्षणभर लागतो. चालकानें पाय दाबल्यावर टर्बोचीं चक्रें वेग घेईपर्यंत एंजिन किंचित्‌ मरगळलेलें वाटतें. नेमक्या त्या क्षणीं विजेचा गडी खांदा देतो.

या विजेचा लाभ किती, याचा अंदाज शाळकरी गणितानेंही करतां येतो. माणसांसह ११०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशीं ६० किलोमीटर वेगानें जात असेल, तर तिच्या गतींत सांठलेली ऊर्जा सुमारें ४२ वॅट-तास भरते. दहा वॅटचा एक दिवा चार तास जळावा, एवढीच ती. त्यांतलाही एक भागच बॅटरींत उतरतो. तेवढें काम पेट्रोलकडून करून घ्यावयाचें, तर एंजिनांत वाया जाणारी उष्णता धरूनही चहाचे तीनएक चमचे पेट्रोल पुरेल. पुण्यासारख्या शहरांत, जेथें दर दोनशें पावलांवर मोटार थांबते, तेथें हे चमचे सांठून लिटर होतात. परंतु अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड या राष्ट्रीय महामार्गावर एकसारख्या वेगानें जाणाऱ्या गृहस्थास ब्रेक दाबण्याचाच प्रसंग कमी येतो. मग परत मिळणार तरी काय? म्हणून 'हायब्रीड' हा शब्द ऐकून जो खेड्यापाड्याच्या मोकळ्या रस्त्यावर मोठ्या बचतीची आशा करील, तो निराश होईल.

पत्रकांतील आंकडे आतां वाचूं. 'फ्राँक्स' दोन पेट्रोल एंजिनांसह विक्रीस आली, म्हणून तुलना सोयीची आहे. पहिलें साधें, भात्याशिवायचें : चार नळकांडीं, ११९७ घन सेंटिमीटर, ६००० फेऱ्यांवर ८९.७ अश्वशक्ति, आणि ४४०० फेऱ्यांवर ११३ न्यूटन-मीटर पीळ. दुसरें 'बूस्टरजेट' नांवाचें, टर्बो आणि सौम्य मिश्र रचनेचें : तीन नळकांडीं, ९९८ घन सेंटिमीटर, ५५०० फेऱ्यांवर १०० अश्वशक्ति, आणि २००० ते ४५०० फेऱ्यांपर्यंत सलग १४७.६ न्यूटन-मीटर पीळ. पीळ म्हणजे टॉर्क, फिरत्या दांड्यावरचा जोर. अश्वशक्ति सुमारें अकरा टक्क्यांनीं वाढली. पीळ मात्र तीस टक्क्यांहून अधिक वाढला. आणि खरी मेख 'किती' यापेक्षां 'कोठें' यांत आहे. साध्या एंजिनाचा पूर्ण जोर ४४०० फेऱ्यांवर मिळतो. तेथवर जाईतों एंजिन ओरडूं लागतें. टर्बो एंजिनाचा पूर्ण जोर २००० फेऱ्यांवरच हातीं येतो. औंढा नागनाथच्या डोंगराळ वाटेवर पांच माणसें आणि सामान घेऊन चढतांना, किंवा उसाच्या ट्रॅक्टरास ओलांडून पुढें जातांना, हा फरक पायाला तात्काळ कळतो. मोठ्या अश्वशक्तीचा अभिमान गप्पांत मिरवितां येतो. पण रस्त्यावर रोज उपयोगीं पडतो तो खालच्या फेऱ्यांवरचा पीळ.

हीच रचना मोठ्या प्रमाणावर पाहावयाची, तर पुण्याजवळच्या चाकणकडे पाहावें. तेथें मर्सिडीज-बेंझच्या 'सी २००' या मोटारीच्या नव्या पिढीची जुळणी २०२२ सालीं सुरू झाली. तिचें एंजिन १४९६ घन सेंटिमीटरचें, २०४ अश्वशक्तीचें; आणि त्यास ४८ व्होल्टची विद्युत्‌-व्यवस्था जोडलेली असून ती क्षणभर २० अश्वशक्तींपर्यंत जोड देते. 'फ्राँक्स'मधील व्यवस्था १२ व्होल्टची. तत्त्व एकच, गडी तिकडे पैलवान आहे, इकडे पोरसवदा आहे, एवढेंच.

राहिला दर लिटरमागील किलोमीटरांचा आंकडा. हातानें गिअर बदलण्याच्या मोटारींत साध्या एंजिनाचा आंकडा २१.७९ आणि टर्बोचा २१.५ असा जाहीर झालेला आहे. लोक यास 'ए.आर.ए.आय. मायलेज' म्हणतात. ए.आर.ए.आय. ही संशोधन-संस्था पुण्यास वेताळ टेकडीवर आहे; तिची स्थापना १९६६ सालीं झाली. ही चाचणी बंद प्रयोगशाळेंत, फिरत्या रुळांवर, सुमारें वीस मिनिटें चालते. वेग ताशीं ९० किलोमीटरच्या वर जात नाहीं, आणि आंकडा ठरतो तो वातानुकूलन बंद ठेवून. सर्व मोटारींस एकाच मापानें मोजावें, हा तिचा हेतु. आणि तुलनेपुरती ती प्रामाणिक आहे. परंतु हिंगोलीचा चालक समृद्धि महामार्गावर जातो, तेव्हां तेथें मोटारीस ताशीं १२० किलोमीटरची मुभा असते, बाहेरचें उष्णतामान चाळीस अंशांवर असतें, आणि वातानुकूलन बंद ठेवण्याचा विचार कोणाच्या मनांतही येत नाहीं. टर्बो एंजिन तर चालकाच्या पायाप्रमाणें खातें. भाता जोरानें चालविला कीं कोळसा अधिक जळणार, यांत लोहारास नवल वाटत नाहीं. मोटारवाल्यासही वाटूं नये.

येथवर शक्तीचा विचार झाला. आतां भरंवशाचा करूं. 'टर्बोचें एंजिन नाजूक असतें,' हें वाक्य नाक्यावरच्या प्रत्येक मिस्त्रीच्या तोंडीं असतें. तें पूर्णपणें खरें नाहीं आणि पूर्णपणें खोटेंही नाहीं. नीट निगा राखल्यास असें एंजिन दीर्घकाळ चालतें. परंतु जुनें साधें एंजिन मालकाच्या दहा चुका पोटांत घालीत असे; हें एंजिन दोन-तीनच घालील. त्याची क्षमा कमी आहे. म्हणून या चुका कोणत्या, हें मालकास ठाऊक असलें पाहिजे.

पहिली गोष्ट वंगणाची. टर्बोचा दांडा मिनिटास दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरूं शकतो, आणि त्याच्या एका टोकास नऊशें अंशांच्या आसपास तापलेला वायु आदळत असतो. हा दांडा धातूवर टेकून फिरत नाहीं. तो तेलाच्या केसासारख्या पातळ थरावर तरंगतो. तें तेल जुनें झालें, घाण झालें किंवा कमी पडलें, कीं टर्बोचें आयुष्य सरलें. त्याचप्रमाणें, भरधाव प्रवासानंतर मोटार उभी करून लागलीच एंजिन बंद केलें, तर तापलेल्या दांड्याजवळचें थांबलेलें तेल करपून त्याची काजळी जमते. दुधाचें भांडें विस्तवावर विसरलें म्हणजे तळाशीं खरपुडी धरते, तसाच हा प्रकार. नव्या टर्बोंत पाण्याचेंही अभिसरण असल्यानें हा धोका पुष्कळ कमी झाला आहे. तरीही महामार्गावरून उतरल्यावर शेवटचे दोन किलोमीटर सावकाश यावें, किंवा मिनिटभर एंजिन मंद चालूं द्यावें, ही संवय फुकटांत मिळणारा विमा आहे.

दुसरी गोष्ट अवेळीं होणाऱ्या ज्वलनाची. थेट नळकांड्यांत पेट्रोल फवारणाऱ्या लहान टर्बो एंजिनांत हा विकार शास्त्रज्ञांस आढळला. एंजिन कमी फेऱ्यांवर असतां, वरच्या गिअरमध्यें, चालकानें एकदम पाय दाबला, कीं नळकांड्यांतील तेलाचा एखादा थेंब किंवा काजळीचा कण ठिणगीच्या आधींच मिश्रण पेटवितो. दट्ट्या वर चढत असतांनाच हा स्फोट होतो; त्याच्या तडाख्यानें दट्ट्याचीं कडीं व स्वतः दट्ट्याही फुटूं शकतो. वंगणांतील कांहीं घटक या विकारास पोषक ठरतात असें दिसून आल्यावर अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनें २०१८ सालीं 'एस.एन. प्लस' आणि २०२० सालीं 'एस.पी.' हीं वंगणाचीं नवीं मानकें लागू केलीं. याचा घरगुती अर्थ असा, कीं डब्यावर कोणतें अक्षर आहे हें पाहण्यावांचून गत्यंतर नाहीं. 'तेल तें तेल' म्हणून दोनशें रुपये वांचविणारा मनुष्य पुढें लाखाचा भुर्दंड ओढवून घेतो. आणि चढावर एंजिन घरघरूं लागलें, तर पाय दाबण्यापूर्वी गिअर खालीं घ्यावा. आपल्याकडील काटकसरी चालक नेमकें याच्या उलट करतात.

तिसरी गोष्ट धुळीची व पाण्याची. हिंगोलीच्या काळ्या जमिनीची उन्हाळ्यांतली धूळ पिठासारखी बारीक असते. टर्बो एंजिन हवा जोरानें ओढतें. हवेची गाळणी तुंबली तर भात्यास दम लागतो, आणि फाटली तर ती धूळ थेट वेगवान चक्रावर आदळते. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत धुळीच्या प्रदेशासाठीं देखभालीचें वेगळें, अधिक जवळचें वेळापत्रक दिलेलें असतें. तें पान सहसा कोणी उलगडून पाहत नाहीं. तसेंच थंडक राखणाऱ्या द्रवाचें. पातळी उतरली कीं विंधन विहिरीचें पाणी ओतणें ही आपल्याकडची सरसकट रीत. त्या जड पाण्यांतील क्षार बारीक नळ्यांत थरावतात, आणि ज्या एंजिनाचा सगळा संसार उष्णता बाहेर टाकण्यावर अवलंबून आहे, त्याचाच श्वास कोंडतो.

चौथी गोष्ट वीज-व्यवस्थेची. एंजिन दिवसांतून पन्नास वेळां बंद-चालू होणार, म्हणून अशा मोटारींतील शिशाची बॅटरी विशेष जातीची असते. ती संपल्यावर स्वस्तांतली साधी बसविली, तर ती लवकर दगावते, आणि सगळी व्यवस्था रुसून बसते. पट्टाही साध्या मोटारीपेक्षां अधिक ओढला जातो; त्याची तपासणी वेळेवर व्हावी. मात्र एक समाधान आहे. सौम्य मिश्र व्यवस्थेंतील विजेचा भाग थकला, तरी पेट्रोलचें एंजिन आपलें काम करण्यास मुळांत समर्थ असतें. बैल शाबूत असले, तर गडी आजारी पडल्यानें गाडीचा सांगाडाच मोडत नाहीं.

पांचवी गोष्ट पेट्रोलची. आतां देशभर मिळणाऱ्या पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल असतें. ऊस, मका व तांदूळ यांपासून तें बनतें, आणि वसमतकडच्या ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास त्याचें महत्त्व सांगावयास नको. इथेनॉलमध्यें ऊर्जा पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश असते. म्हणून लिटरमागें किलोमीटर थोडे कमी पडणारच. उलट पक्षीं, दाब सोसण्याची त्याची शक्ति अधिक असल्यानें टर्बो एंजिनास तें या एका बाबतींत अनुकूलच आहे. मात्र तें ओलावा शोषून घेतें. यास्तव महिनोन्‌महिने उभी राहणारी मोटार, रबरी नळ्या जुन्या झालेली मोटार, किंवा एप्रिल २०२३ च्या पूर्वी बनलेली सेकंडहँड मोटार घेतांना पुस्तिका पाहूनच निर्णय करावा.

एवढें झाल्यावर कोणी विचारील, कीं नामांकित कंपनीचें, बक्षीस मिळविलेलें एंजिन घेतलें म्हणजे ही चिंता मिटत नाहीं काय? या शंकेस इतिहासानेंच उत्तर देऊन ठेविलें आहे. फोर्ड कंपनीचें एक लिटरचें 'इकोबूस्ट' एंजिन २०१२, २०१३ आणि २०१४ अशीं सलग तीन वर्षें जगांतील उत्कृष्ट एंजिन म्हणून गौरविलें गेलें. ९९९ घन सेंटिमीटर आणि १२५ अश्वशक्ति. २०१३ सालीं 'इकोस्पोर्ट' मोटारींतून तें भारतांतही आलें. पुढें युरोपांत त्यास ४८ व्होल्टची सौम्य मिश्र व्यवस्थाही जोडली गेली. एंजिन खरोखरच चतुर होतें. परंतु त्यांतील कांहीं पट्टे तेलांत बुडून फिरणारे होते. डिसेंबर २०२३ मध्यें कंपनीला अमेरिकेंत सुमारें १ लक्ष ३९ हजार मोटारी दुरुस्तीसाठीं परत बोलवाव्या लागल्या. वंगण खेळविणाऱ्या पंपाच्या पट्ट्यांत व त्यास ताण देणाऱ्या भागांत दोष होता. पट्टा निकामी झाला तर तेलाचा दाब जाई, आणि तेलाचा दाब गेला कीं एंजिन गेलें. तत्पूर्वींच, सप्टेंबर २०२१ मध्यें, फोर्डनें भारतांतील मोटार-उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला होता. बक्षीस देणारे परीक्षक एंजिनास पहिल्या वर्षीं पाहतात. पट्टा आपला निकाल आठव्या-दहाव्या वर्षीं देतो. बूस्टरजेट एंजिनांत पट्ट्याऐवजीं साखळी आहे, ही जमेची बाजू. पण ती साखळीही शेवटीं वंगणावरच जगते. सर्व वाटा फिरून तेलाच्या डब्याशीं येतात, त्या अशा.

मग हें एंजिन कोणीं घ्यावें? ज्या कुटुंबाचा प्रवास वारंवार लांबचा आहे, ज्यास चढणीची वाट नेहमींची आहे, ज्यास पुढच्या वाहनास झटपट व सुरक्षित ओलांडणें महत्त्वाचें वाटतें, आणि जें कुटुंब देखभालीची तारीख घरांतल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवतें व पाळतें, त्यानें तें अवश्य घ्यावें. जास्तीच्या पिळाचा त्यास रोज उपयोग होईल. ज्याची मोटार बाजार, शाळा आणि सणावारीं नर्सीच्या नामदेव महाराजांचें दर्शन एवढ्यापुरतीच निघते, दोन किलोमीटर जाऊन थांबते, आणि जो दुरुस्तीस झाडाखालच्या ओळखीच्या मिस्त्रीकडेच जाणार, त्यास साधें एंजिन अधिक मानवेल. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. आंकड्यांच्या शर्यतींत साधें एंजिन मागें पडतें. घरखर्चाच्या वहींत तें पुष्कळदां पुढें असतें. सेकंडहँड टर्बो मोटार घेणाऱ्यानें मात्र रंगाकडे व बैठकीकडे पाहण्यापूर्वी देखभालीच्या पावत्या मागाव्या. पावत्या नसतील, तर किंमत कितीही मोहक असो, हात आंखडता घ्यावा. थंड एंजिन सुरू करून पाहावें : निळसर धूर, शिटीसारखा नवा आवाज, आणि पाय दाबूनही न येणारा जोर, हीं टर्बोच्या दुखण्याचीं ठळक लक्षणें आहेत.

भरंवसा म्हणजे यंत्र कधींच न बिघडणें, असा समज असेल तर तो सोडावा. असें यंत्र मनुष्यानें अद्याप केलेलें नाहीं. भरंवशाचें यंत्र तें, कीं ज्याचा बिघाड पूर्वसूचना देऊन येतो, आणि ज्याची सूचना ऐकावयास घरांत कोणी तरी जागें असतें. पहिला भाग कारखान्याच्या हातीं आहे. धातु, साखळी, नियंत्रक हें सर्व त्याचें देणें. दुसरा भाग घराच्या हातीं आहे, आणि तो पत्रकांत छापतां येत नाहीं. फलकावर पिवळा दिवा लागला असतां 'उद्यां पाहूं' म्हणणारें घर आणि त्याच दिवशीं मोटार दाखविणारें घर, यांच्या एकाच कारखान्यांतून आलेल्या दोन मोटारी दहा वर्षांनीं दोन वेगळ्या जातींच्या वाटतात.

विक्रेत्याकडून मोटारीची किल्ली घेतांना सोबत एक जाड पुस्तिका मिळते. बहुतेक घरांत ती हातमोज्याच्या कप्प्यांत जाते आणि तेथेंच पिवळी पडते. नवें एंजिन घरीं आणणाऱ्या कुटुंबानें पहिल्याच रविवारीं ती बाहेर काढावी. तेलाचें मानक, धुळीच्या प्रदेशाचें वेळापत्रक, थंडक द्रवाचा प्रकार आणि बॅटरीची जात, एवढ्या चार नोंदी घरच्या वहींत उतरून घ्याव्या, आणि मोटार चालविणाऱ्या घरांतल्या प्रत्येकास त्या वाचून दाखवाव्या. या कामास अर्धा तास पुरतो.